मेंढी व्यायला आली आणि हात नवखे

पावसाळ्याच्या तोंडाला फळलेल्या मेंढ्या नोव्हेंबर-डिसेंबरात व्यायला येतात. यंदा पहिल्यांदाच मेंढ्या घेतलेल्या बऱ्याच वाचकांनी त्याबद्दल विचारलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे बारा दख्खनी मेंढ्या आणि एक नर आहे. आठ मेंढ्या गाभण आहेत. मी आजवर एकही मेंढी विताना पाहिलेली नाही. हाताला अनुभव कुठे मिळेल? मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून भागेल का? (फलटण तालुका)

उत्तर : व्हिडिओत अडलेली मेंढी दाखवतात. तुम्हाला आधी न अडलेली मेंढी पाहायची गरज आहे, आणि तीही एक-दोन नाही, दहा-पंधरा. दहातल्या नऊंपेक्षा जास्त मेंढ्या कुणाचा हात न लागता वितात. आठ गाभण मेंढ्यांच्या कळपात खरी अडचण वर्षातून एकदा येईल किंवा येणारही नाही. आली तर बहुधा पहाटे तीनला येईल, आणि तोवर तुम्हाला सुरळीत विणं कसं दिसतं हेच माहीत नसेल. म्हणून मोठ्या कळपाजवळ जा.

सगळ्यात चांगली शाळा म्हणजे धनगरांचा वाडा, म्हणजे रानात बसलेला कळपाचा मुक्काम. दिवाळीच्या सुमाराला माण, खटाव, फलटणकडचे कळप पुण्याच्या बाजूला आणि कोकणात उतरतात आणि खतासाठी रानात बसतात. विण्याच्या दिवसांत दीडशे मेंढ्यांच्या कळपात रोज दोन-चार मेंढ्या वितात. ज्याच्या रानात वाडा बसलाय त्या शेतकऱ्यामार्फत ओळख काढा. संध्याकाळी कळप परतायच्या आधी जा आणि जमलं तर पहाटेही थांबा. कुत्रं बरोबर नेऊ नका. चालणाऱ्या कळपामागे पुरुष जातात, पण तान्ही कोकरं वाड्यावर बायकांच्या ताब्यात असतात. त्यामुळे तुमचे बहुतेक प्रश्न मेंढक्यापेक्षा कारभारणीलाच विचारायचे आहेत. नुसतं बघत उभं राहू नका. संध्याकाळी मेंढ्या आल्या की कोणतं कोकरू कोणाचं हे ओळखून प्रत्येकाला आईखाली लावायचं काम असतं, ते मागून घ्या. कास कशी धरायची, भरलेली कास आणि दगडी (सुजून कडक झालेली) कास यात फरक काय, पोट भरलेलं कोकरू हाताला कसं लागतं, हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं वर्गात बसून कळत नाही.

संस्थांचं म्हणाल, तर तुमच्या फलटणातच निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. दख्खनी मेंढीत बंगालच्या गरोल जातीचा जुळ्यांचा जनुक आणून ‘नारी सुवर्णा’ वाण तिथेच तयार झाला. जुळी वारंवार होणारा कळप नवख्याने पाहायलाच हवा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडी, रांजणी, महूद अशा ठिकाणी आहेत आणि महामंडळ प्रशिक्षणही घेतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठातही दख्खनी मेंढीवर काम झालेलं आहे. लांब जायची तयारी असेल तर राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. कुठेही नाव नोंदवताना एकच प्रश्न विचारा : त्या दिवसांत कळप विण्याला आलेला असेल का? नसेल तर प्रमाणपत्र मिळेल, ते कर्जाच्या अर्जाला कामी येईल, पण हात कोरडेच राहतील.

जिथे जाल तिथे वही ठेवा. मेंढी कळपातून बाजूला कधी झाली, पाणमोट (कोकराआधी बाहेर येणारी पाण्याची पिशवी) कधी दिसली, पाय कधी, कोकरू कधी पडलं, उभं कधी राहिलं, पहिला चीक कधी प्यालं, वार कधी पडली, या सात वेळा प्रत्येक मेंढीच्या लिहा. पंधरा मेंढ्यांनंतर तुमच्याजवळ स्वतःचं घड्याळ तयार होतं.

हाताचा सराव घरीही करता येतो. मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा एक पुढचा आणि एक मागचा पाय मागा, मात्र पुढचा गुडघ्याच्या वरून आणि मागचा ढोपराच्या, म्हणजे मागच्या टोकदार सांध्याच्या, वरून तोडून, म्हणजे सांधा शाबूत राहील. पाय पिशवीत टाका, हातमोजा घाला आणि डोळे मिटून चाचपा. खुराकडून वर जाताना पुढच्या पायाचे पहिले दोन्ही सांधे एकाच दिशेला वाकतात. मागच्या पायाचे दोन सांधे विरुद्ध दिशांना वाकतात आणि वरच्या सांध्याला टोकदार हाड लागतं. न बघता दहातल्या दहा वेळा अचूक सांगता येईपर्यंत हे करा. मेंढीच्या पोटात हात असताना नेमका हाच प्रश्न पडतो.

प्रश्न : मेंढी विण्याला आली हे कसं ओळखायचं, आणि हात घालायची वेळ कोणती? (जत)

उत्तर : अंदाज नर सोडण्याच्या दिवसापासूनच लावायचा असतो. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, पाच दिवस इकडे-तिकडे. पुढच्या वेळी नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा. ज्या मेंढीच्या पाठीवर रंग उमटेल तिची तारीख लिहा. मेंढीचं माजाचं चक्र १७ दिवसांचं असतं, म्हणून सतराव्या दिवशी रंग बदला. पहिल्या रंगावर दुसरा रंग चढलेली मेंढी पहिल्या वेळी फळली नव्हती. एवढ्याने रात्री कोणासाठी जागायचं हे ठरतं.

दिवस भरत आले की कास भरते, सड चकाकतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, योनी सैल आणि लालसर होते. विण्याच्या दिवशी मेंढी चारा सोडून कोपरा धरते, खुराने जमीन उकरते, बसते-उठते, मागे वळून बघते. हा टप्पा तीन-सहा तास चालतो, पहिल्या वेताच्या मेंढीत जास्त. त्या वेळात तुम्ही करायचं ते एवढंच : लांब बसा. सारखं जवळ जाऊन बघणाऱ्या माणसामुळे मेंढी कळा थांबवते.

घड्याळ लावायचं ते पाणमोट दिसल्यावर किंवा फुटल्यावर. मेंढी जोरात कळा देत असून अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही, तर तपासा. पहिल्या वेताची असेल तर पाऊण तास द्या. नुसतं नाक दिसतंय आणि पाय नाहीत, किंवा एकच पाय आहे, किंवा शेपटी दिसतेय, तर घड्याळाची वाट पाहू नका. दुसरं कोकरू बहुधा अर्ध्या तासाच्या आत येतं. तास उलटला आणि पोटात आणखी काही आहे असं वाटलं तर तेव्हाही तपासा.

नखं कापलेली, अंगठी-बांगडी-घड्याळ काढलेलं, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेला, वर हातमोजा. मेंढीचं मागचं अंग कोमट साबणपाण्याने धुवा. हातमोज्यावर भरपूर लिक्विड पॅराफिन घ्या. ते नसेल तर स्वच्छ गोडं तेल चालेल, कोरडा हात कधीच नाही. बोटं जुळवून निमुळती करा आणि दोन कळांच्या मध्ये, मेंढी ढिली असताना आत न्या. कळ आली की थांबा.

आत गेल्यावर ओढायचं नसतं. आधी ओळखायचं असतं : डोकं आहे का, पाय पुढचे की मागचे, आणि दोन्ही पाय एकाच कोकराचे आहेत का. शेवटचा प्रश्न नवखे विसरतात. प्रत्येक पायावरून बोटं खांद्यापर्यंत किंवा छातीपर्यंत न्या. जुळ्यांचा एकेक पाय हातात धरून जोर लावला तर दोन्ही कोकरं वाटेतच अडकतात.

दोन पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक, ही सुरळीत स्थिती. मडग्याळ जातीच्या मेंढीचं नाक बाकदार आणि कोकरू दख्खनीपेक्षा मोठं, त्यामुळे पहिल्या वेतात डोकं अडू शकतं. तेल घाला, योनीची कड बोटांनी हळूहळू डोक्यामागे सरकवा. कळेबरोबर ओढा, कळ संपली की सोडा. ओढ सरळ मागे नको, खाली, मेंढीच्या ढोपरांकडे हवी. एका माणसाच्या एका हाताचा जोर पुरे. दोघांनी मिळून ओढायची वेळ आली तर स्थिती चुकीची ओळखली आहे.

डोकं आणि एकच पाय असेल तर डोकं दोन कळांच्या मध्ये थोडं आत ढकला, मागे राहिलेला पाय गुडघ्यापासून शोधा आणि खूर तळहातात झाकून पुढे आणा. खूर उघडा राहिला तर गर्भाशय फाटतं. पाय दोन आहेत आणि डोकं लागत नाही, म्हणजे मान मागे वळलेली आहे. हे पाय ओढाल तितकी मान जास्त वळेल. पायांना मऊ दोरी अडकवून ठेवा, डॉक्टरांना बोलवा.

पायाळू कोकरू, म्हणजे दोन्ही मागचे पाय पुढे आलेलं, फिरवायच्या भानगडीत पडू नका. ते तसंच येतं. फक्त कमर बाहेर आली की न थांबता काढायचं, कारण त्या क्षणी नाळ दाबली जाते आणि डोकं आतच असताना ते श्वास घेऊ पाहतं. याहून फसवी स्थिती म्हणजे नुसती शेपटी. पाय पोटाखाली दुमडलेले असतात, वाट भरत नाही, म्हणून मेंढी जोरात कळाही देत नाही. नुसती अस्वस्थ राहते आणि मालकाला वाटतं अजून वेळ आहे. चार-पाच तासांची अस्वस्थता आणि कळा नाहीत, तर हात घालून बघा.

गर्भाशयाचं तोंडच दोन बोटांएवढं उघडलं असेल तर हाताने ताणू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. इतर कोणत्याही स्थितीत पंधरा-वीस मिनिटांत प्रगती नसेल तर हात काढा आणि १९६२ ला फोन लावा, हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. आधी तासभर घोळ घालून मग बोलावलं तर डॉक्टरांच्या हाती सुजलेली वाट येते.

प्रश्न : जवळ काय काय ठेवावं? (सिन्नर)

उत्तर : लांब हातमोजे दहा जोड, लिक्विड पॅराफिन अर्धा लिटर, टिंक्चर आयोडीन १०० मिलि आणि रुंद तोंडाची छोटी बाटली, थर्मामीटर, ६० मिलिची सिरिंज, १४ नंबरची रायल्स ट्यूब (कोकराच्या पोटात चीक सोडायची नळी), मऊ सुती दोरी दोन हात, तीन-चार कोरडी गोणपाटं, बॅटरी आणि वजनकाटा. हे सगळं मेडिकलमध्ये आणि बाजारात मिळतं. नाळ तुटल्यावर दोन इंच ठेवून ती आयोडीनच्या बाटलीत बुडवा, नुसता बोळा फिरवू नका. आठ-दहा तासांनी पुन्हा एकदा. नाळेतून शिरलेला जंतू आठवड्याने सांधे सुजवतो, तेव्हा कोणालाच नाळ आठवत नाही. बाटलीतलं आयोडीन लेंडी-मातीने घाण झालं की फेकून द्या.

प्रश्न : मागच्या थंडीत दोन कोकरं जन्मल्यावर गार पडून मेली. दूध पाजायचा प्रयत्न केला तर नाकातून बाहेर आलं. (खानापूर, सांगली)

उत्तर : कोकरं नुसत्या थंडीने क्वचित मरतात. उपाशी आणि ओली राहिली की मरतात. जन्मताना अंगात थोडी चरबी असते, ती काही तासांत संपते. त्यानंतरची ऊब चिकातूनच यायला हवी.

पडल्याबरोबर नाकातोंडातला चिकटा पुसा. श्वास नसेल तर गवताची काडी नाकपुडीत फिरवा, शिंक आली की श्वास सुरू होतो. मग गोणपाटाने जोरात चोळा, पण आई चाटत असेल तर तिच्या पुढ्यातच ठेवा आणि बाजूला व्हा. मेंढीच्या दोन्ही सडांतून दोन-तीन धारा काढा. सडाच्या टोकाला मेणासारखी गुठळी असते आणि अशक्त कोकराला ती ओढून फोडता येत नाही. वार पडेपर्यंत पाजू नये असं काही गावांत म्हणतात, ते ऐकू नका. वार तीन-सहा तासांनी पडते, आणि तितक्यात आतड्याची चिकातली प्रतिद्रव्यं (रोगाशी लढणारे घटक) शोषायची ताकद कमी होत जाते.

हिशोब सोपा आहे : किलोमागे एका वेळी ५० मिलि चीक, पहिला डोस दोन तासांच्या आत, आणि पहिल्या २४ तासांत किलोमागे २०० मिलि. अडीच किलोच्या कोकराला म्हणजे दर सहा तासांनी १२५ मिलि, दिवसाला अर्धा लिटर. स्वतः पीत असेल तर मोजू नका, पोट चाचपा. बरगडीमागे पोट सपाट असेल आणि ते पाठ वाकवून उभं असेल तर उपाशी आहे.

पीत नसेल तर आधी थर्मामीटर. कोकराचं तापमान ३९ ते ४० अंश सेल्सियस असतं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १०२ ते १०४. ३७ ते ३९ च्या मध्ये असेल आणि मान धरत असेल तर कोरडं करून नळीने चीक द्या. ३७ च्या खाली असेल आणि जन्माला पाच तास झाले नसतील तर आधी ऊब, ३७ च्या वर आल्यावर चीक. पाच तास उलटून गेले असतील तर रक्तातली साखर संपलेली असते. तशा कोकराला नुसती ऊब दिली तर झटके येऊन मरतं. डॉक्टर आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन देतात, मग ऊब, मग चीक. मान टाकलेल्या कोकराच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. तुमची कोकरं बहुधा यातच गेली : गिळण्याची ताकद नसताना दूध फुफ्फुसात उतरलं.

नळी घालायला कोकरू मांडीवर बसवा, डोकं नेहमीसारखं, मागे ताणलेलं नको. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी बाहेरून मोजा आणि पेनने खूण करा. टोक चिकात बुडवून तोंडाच्या कडेने, जिभेवरून सरकवा. कोकरू गिळत जातं. खोकलं किंवा खूण यायच्या आधी अडली तर बाहेर काढा. बरोबर गेली असेल तर मानेच्या डाव्या बाजूला श्वासनळीखेरीज दुसरी नळी बोटाला लागते. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडा आणि चीक आपल्या वजनाने उतरू द्या. काढताना नळी चिमटीत दाबून काढा, म्हणजे उरलेले थेंब घशात सांडणार नाहीत.

दोन कोकरांपुरता चीक असलेल्या मेंढीचा जादा चीक काढून १०० मिलिच्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये ठेवा. वितळवताना कोमट पाण्यात ठेवायचा. गॅसवर चढवला की खरवस होतो, आणि खरवसातून प्रतिद्रव्यं मिळत नाहीत. मेंढीचा नसेल तर शेळीचा, तोही नसेल तर दोन-तीन गाईंचा एकत्र केलेला.

प्रश्न : जुळ्यांपैकी एकाला आई डोक्याने मारते. (माळशिरस)

उत्तर : आधी कास तपासा. एक बाजू गरम, दगडासारखी, किंवा सडाला चावल्याची जखम असेल तर मेंढी दुखण्यामुळे मारते आणि इलाज कासेचा करायचा. कास ठीक असेल तर चार बाय चार फुटांच्या जागेत, वाघूर (मेंढ्या कोंडायची जाळी) आडवी लावून, तिला दोन्ही कोकरांसह दोन-तीन दिवस कोंडा. गळ्याला दोर असा बांधा की बसता-उठता येईल पण वळून मारता येणार नाही. दिवसातून चार-पाच वेळा नाकारलेलं कोकरू धरून पाजा. तिच्या दुधाचा वास कोकराच्या शेणाला येऊ लागला की बहुतेक मेंढ्या तिसऱ्या दिवशी नाद सोडतात. दुसऱ्या मेंढीखाली द्यायचं असेल तर ती वितानाच द्या, तिचं गर्भजल या कोकराच्या अंगाला चोळून. दोन दिवसांनी हा उपाय चालत नाही. बाटलीवर आणलंत तर शेळीचं दूध रोज वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं, चार-पाच वेळा विभागून.

प्रश्न : कळा वाढवायचं इंजेक्शन आणून ठेवावं का? आणि वार अडकली तर तिला वजन बांधतात, ते बरोबर का? (अंबाजोगाई)

उत्तर : दोन्हीला नाही. वाट उघडलेली नसताना किंवा कोकरू वाकडं असताना ऑक्सिटोसिन दिलं तर गर्भाशय बंद दरवाजावर धडका मारतं आणि फाटू शकतं. वारेला दगड किंवा चप्पल बांधली तर ती तुटून तुकडा आत राहतो, नाहीतर मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येतं. लोंबणारी वार जमिनीला लागत असेल तर गाठ मारून वर घ्या. बारा तासांत पडली नाही, किंवा वास येऊन ताप चढला, तर डॉक्टर. पडलेली वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका.

प्रश्न : माझी पत्नी चार महिन्यांची गरोदर आहे. मेंढ्यांचं सगळं तीच बघते. काही धोका आहे का? (करमाळा)

उत्तर : आहे, आणि त्यात तडजोड नको. विताना बाहेर येणारं पाणी, वार, मेलेली कोकरं यांतून ब्रुसेल्ला, टॉक्सोप्लाझ्मा, क्लॅमिडिया, क्यू ताप असे आजार माणसाला होतात आणि गरोदर बाईत गर्भपात होऊ शकतो. विण्याच्या दिवसांत त्यांनी वाड्यात जाऊ नये, ओली कोकरं घरात आणू नयेत, तुमचे त्या वेळचे कपडेही त्यांनी धुऊ नयेत. तुम्ही स्वतः हातमोज्याशिवाय वारेला हात लावू नका आणि कच्चं दूध कोणीच पिऊ नका. कळपात एकाहून जास्त मेंढ्या गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भपात झाला, तर रक्ताचे नमुने तपासून घ्या. वितानाची ही काळजी तुमच्या घरी आधी आणि मेंढीच्या घरी नंतर.

प्रश्न : लोणंदच्या बाजारातून आणलेली मेंढी विण्याला तीन आठवडे असताना चारा सोडून बाजूला उभी राहते, दिसत नसल्यासारखी अडखळते. पोट खूप मोठं आहे. (खंडाळा)

उत्तर : आजच डॉक्टरांना बोलवा. पोट मोठं म्हणजे जुळी असावीत, आणि ही लक्षणं गाभणपणातल्या किटोनच्या आजाराची आहेत. गर्भाची दोन-तृतीयांशाहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. तेव्हाच पोटात कोकरांनी जागा व्यापल्यामुळे मेंढीला कडबा कमी मावतो. त्यात बाजार, टेम्पो आणि एक-दोन दिवसांची उपासमार झाली की मेंढी अंगातली चरबी वितळवते, यकृतावर ताण येतो आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. खात्रीसाठी मेडिकलमधून लघवीतल्या किटोनच्या पट्ट्या आणा. बसलेली मेंढी उठवली की ती लगेच मुतते, तेव्हा वाटी धरा. डॉक्टर येईपर्यंत प्रॉपिलिन ग्लायकॉल ६० मिलि तोंडाच्या कडेने, डोकं फार उंच न करता, हळू पाजा आणि बारा तासांनी पुन्हा. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची कमतरताही अशीच दिसते, म्हणून सलाइनचा निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

बाकीच्या गाभण मेंढ्यांना आजपासून खुराक चालू करा. १०० ग्रॅम भरड्यापासून सुरुवात, दर तीन-चार दिवसांनी वाढवत २५० ग्रॅमपर्यंत. जुळी असल्याचा संशय असेल तिला ४०० पर्यंत, दोन वेळा विभागून. एकदम जास्त धान्य दिलं तर पोट आंबून दुसरंच दुखणं उभं राहतं. बरोबर सुबाभळीचा पाला किंवा बाभळीच्या शेंगा द्या. आंत्रविषाराची लस विण्याआधी चार ते सहा आठवडे दिली की ती चिकातून कोकराला मिळते. तुमच्या या मेंढीची वेळ टळली आहे, पण ज्यांना महिन्याहून जास्त अवधी आहे त्यांना याच आठवड्यात देऊन घ्या.